पाय काढला, तरी गाडी पळतेच आहे

नमस्कार श्रोतेहो.

रस्ता मोकळा आहे, काटा ताशी १०० किलोमीटरवर. पुढे ट्रक दिसतो म्हणून तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलता, आणि इंजिनाचा आवाज उतरतच नाही. या वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. ‘हे काय झालं?’ एवढं मनात येईतो पन्नासेक मीटर मागे पडलेले असतात.

अशा वेळी घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. मला आज सगळ्यात जास्त याच चुकीबद्दल बोलायचं आहे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनातल्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढली गेल्यानं होणाऱ्या पोकळीवर चालतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारा पडदा, सताड उघडा राहिला की ते व्हॅक्यूम जवळजवळ तयारच होत नाही. बूस्टरमध्ये साठलेलं असेल तेवढंच हाताशी. ब्रेकवरून पाय उचललात की त्यातलं काही जातं, आणि दोनतीनदा असं झालं की पेडल दगडासारखं घट्ट होतं. म्हणून ब्रेक एकदाच, अंगातल्या सगळ्या जोरानं दाबा आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नका. हलका दाबूनही ठेवू नका. त्यानं वेग फारसा उतरत नाही, ब्रेक मात्र तापून निकामी होत जातात.

त्याच वेळी गाडी न्यूट्रलमध्ये टाका. गिअरची गाडी असेल तर आधी क्लच पूर्ण दाबा. ऑटोमॅटिक असेल तर डी वरून एन वर. इथे अनेकांचा हात अडतो, कारण चाकांशी संबंध तुटताच इंजिन किंचाळायला लागतं आणि वाटतं, आपण काहीतरी मोडलं. किंचाळू द्या. आजच्या बहुतेक इंजिनांत फेरे एका मर्यादेपुढे जाऊ न देणारी व्यवस्था असते. आणि समजा इंजिन गेलंच, तर जाऊ दे. तुम्ही हवे आहात.

मग बाजूचे दिवे लुकलुकते ठेवून गाडी कडेला घ्या, थांबवा आणि तेव्हाच इंजिन बंद करा. न्यूट्रल पडतच नसेल तर मात्र चालत्या गाडीत बंद करावं लागेल. किल्ली एकच टप्पा मागे फिरवा, बाहेर काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. तसंही ते जड होणारच, दोन्ही हातांनी धरा. बटणाच्या गाडीत नुसतं टिचकीसारखं दाबून बहुधा इंजिन बंद होत नाही. काही सेकंद दाबून धरावं लागतं, काही गाड्यांत लागोपाठ अनेकदा दाबावं लागतं. आपल्या गाडीचं काय, ते पुस्तिकेत आजच वाचा.

क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न लावता ठरवलेला वेग धरून ठेवणारी यंत्रणा. तो अडकला तरी उपाय हेच. एरवी ब्रेकला पाय लागताच तो सुटतो. नाही सुटला तर त्याचा मुख्य स्विच बंद करा, पण तो शोधत बसू नका. आधी ब्रेक आणि न्यूट्रल.

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका कुटुंबातली चार माणसं अशाच पळत सुटलेल्या गाडीत मरण पावली. चालवणारा महामार्ग पोलीस दलातला अनुभवी अधिकारी होता. गाडी त्याची स्वतःची नव्हती, तात्पुरती मिळालेली होती. त्यात दुसऱ्याच मॉडेलची मॅट टाकलेली होती, आणि तपासात अ‍ॅक्सिलरेटर त्या मॅटमध्ये अडकल्याचं दिसलं. ही घटना वाचल्यापासून मी कुठल्याही गाडीत बसलो की आधी खाली बघतो.

तुम्हीही बघा. पुढे सरकलेल्या मॅटची जाड कड पेडलच्या खालच्या टोकाला कशी आडवी येते, ते एकदा बोटानं चाचपून पाहा. एका मॅटवर दुसरी टाकली असेल तर वरची काढा. ड्रायव्हरच्या मॅटला हूक असतो, तो नीट बसला आहे का ते ओढून बघा. मात्र चालत्या गाडीत मॅट काढायला कधीही वाकू नका.

आणि एक. उद्या इंजिन सुरू करायच्या आधी, हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून, किल्ली चालू ठेवून, रस्त्यावरची नजर न हलवता हात न्यूट्रलवर न्या. सापडला नाही तर परत करा. शेजारी बसणाऱ्यालाही दाखवून ठेवा.

नमस्कार.