भिंत वेगळी, पटल वेगळं: पेशीच्या प्रकल्पाविषयी

श्रोतेहो, नमस्कार. विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वनस्पतीपेशी आणि प्राणीपेशी हा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेतला असेल. आणि तो घेतला की पहिला विचार येतो तो मॉडेलचा. थर्माकोल आणायचा, गोळे कापायचे, रंगवायचे, नावं चिकटवायची. आमचं सांगणं असं की मॉडेल शेवटी करा. आधी सूक्ष्मदर्शीखाली पेशी पाहा, ती मोजा आणि मगच ती बनवायला घ्या. परीक्षक विचारतात, "हे तुला कसं कळलं?" या प्रश्नाला मॉडेलपाशी उत्तर नसतं, काचपट्टीपाशी असतं.

सुरुवात कांद्यापासून करू. कांदा उभा चिरून आतला एक मांसल पापुद्रा घ्या. त्याच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला बोटानं हलकेच दुमडलंत की अगदी पातळ, पारदर्शक साल सुटते. ती चिमट्यानं ओढून लगेच पाण्यात टाका. हवेत राहिली तर ती वाळते, गुंडाळी होते आणि पुन्हा सपाट होत नाही. पाण्यातच कात्रीनं तिचा साधारण 5 मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा करा. काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब, त्यावर तुकडा, त्यावर आयोडीनच्या पातळ द्रावणाचा एक थेंब, आणि एक-दोन मिनिटं थांबायचं. मग आच्छादक काच. ती वरून टपकन ठेवायची नाही. तिची एक कड थेंबाला टेकवून दुसरी बाजू सुईच्या आधारानं हळूहळू खाली आणायची, म्हणजे हवा एका बाजूनं निघून जाते. हवा अडकली की काळ्याकुट्ट जाड कडेचे गोल बुडबुडे दिसतात आणि पुष्कळ मुलं त्यांनाच पेशी समजून चित्र काढतात. पेशीची कड इतकी जाड आणि इतकी नेमकी गोल कधीच नसते.

आधी कमी शक्तीचं वस्तुभिंग, म्हणजे काचपट्टीकडचं भिंग, लावा. मोठ्या स्क्रूनं दृश्य आणा, ते मधोमध घ्या आणि मगच 40 चं, म्हणजे 40 पट मोठं दाखवणारं, वस्तुभिंग फिरवा. त्यानंतर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही, फक्त बारीक स्क्रू. 40 च्या भिंगात आणि काचेत अर्धा-पाऊण मिलिमीटरच अंतर उरतं. काच फुटते ती नेमकी इथेच, आणि भिंगावर चरा गेला तर तो भरून निघत नाही. सूक्ष्मदर्शीला आरसा असेल तर तो खिडकीच्या उजेडाकडे वळवा, थेट सूर्याकडे चुकूनही नाही. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आता गालाच्या पेशी. स्वच्छ दात-कोरणीच्या बोथट टोकानं गालाच्या आतली बाजू हलकेच घासा. रक्त येईल इतकं घासायचं नाही, आणि प्रत्येकानं स्वतःचीच कोरणी वापरायची. 100 मिलिलिटर पाण्यात 0.9 ग्रॅम मीठ असं द्रावण करा, त्याचा एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि त्यात कोरणी गोल फिरवा. मग मिथिलीन ब्लूचा छोटासा थेंब. रंग जास्त झाला तर सगळंच निळं होतं आणि केंद्रक हरवतं. तसं झालं की आच्छादक काचेच्या एका कडेला पाण्याचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. जादा रंग ओढला जातो. वापरलेल्या कोरण्या आणि काचपट्ट्या जंतुनाशकात टाकायच्या. शाळेत गालाच्या पेशी घेण्याची परवानगी नसेल तर तयार काचपट्टी वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

या पेशी विटांसारख्या रचलेल्या दिसणार नाहीत. सुट्या, वेड्यावाकड्या कडांच्या, कुठे कड दुमडलेली, आणि मध्ये गडद निळा ठिपका, म्हणजे केंद्रक. पेशीवर आणि आजूबाजूला अगदी बारीक निळे कण दिसतात. त्यांना तंतुकणिका किंवा रायबोसोम, म्हणजे पेशीच्या आतली बारीक अंगकं, म्हणू नका. ते बहुतेक वेळा तोंडातले जिवाणू असतात. तंतुकणिका पाहायला वेगळे रंग आणि वेगळं तंत्र लागतं आणि रायबोसोम तर साध्या सूक्ष्मदर्शीला दिसूच शकत नाहीत. प्रकाशावर चालणारा सूक्ष्मदर्शी कितीही चांगला असला तरी साधारण 0.2 मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवत नाही. 1 मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रायबोसोम असतो 20 ते 30 नॅनोमीटरचा, आणि 1000 नॅनोमीटर मिळून 1 मायक्रोमीटर होतो.

आता जे करून पाहावं असं आम्हाला अगदी मनापासून वाटतं, ते सांगतो. वनस्पतीपेशीला पेशीभित्तिका असते, प्राणीपेशीला नसते, हे पाठ सगळ्यांना असतं. पण वनस्पतीपेशीला भित्तिका असते आणि तिच्या आत पटलही, म्हणजे पातळ पडदाही, असतं, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहतं. मॉडेलमध्येही बाहेर एकच हिरवी पट्टी चिकटवलेली असते. ही दोन वेगळी कवचं डोळ्यांनी पाहता येतात. जांभळट-लाल कांदा घ्या. या वेळी मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या, फुगीर बाजूची रंगीत साल काढा. रंग घालायचा नाही, पेशीचा स्वतःचा रंग पुरतो. साध्या पाण्यात ठेवून पाहिलंत तर प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी दिसेल. आता 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम मीठ विरघळवा. त्याचा थेंब आच्छादक काचेच्या एका कडेला सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद धरा आणि डोळा नेत्रिकेवरून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावरून, हलवू नका. दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो. आधी कोपरे गोलावतात, मग कडा आत सरकतात, रंग गडद होत जातो आणि शेवटी पेशीच्या चौकटीत एक आखडलेला जांभळा गोळा उरतो. चौकट मात्र जागची हललेली नसते. ती चौकट म्हणजे भित्तिका. गोळ्याची कड म्हणजे पटल. बाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी पटलातून बाहेर गेलं. रंग मात्र रिक्तिकेतच, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतच, अडकून राहिला, कारण जिवंत पटल त्याला बाहेर जाऊ देत नाही. याला रससंकोच म्हणतात. मग त्याच पद्धतीनं साधं पाणी सोडा. पेशी पुन्हा भरू लागतात.

हा प्रयोग फसतो तो बहुधा एकाच कारणानं: मुलं आधी आयोडीन घालतात. आयोडीननं पेशी मरते, पटल निकामी होतं आणि मग मिठाचं पाणी कितीही सोडा, काही घडत नाही. दुसरं कारण म्हणजे मीठ फार तीव्र किंवा फार वेळ ठेवणं. मग आखडलेली पेशी परत येत नाही.

रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं 1665 साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले आणि ज्यांना त्यानं 'सेल', म्हणजे पेशी, हे नाव दिलं, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. आत काय असतं ते त्याला दिसण्यासारखं नव्हतंच. केंद्रकाला नाव मिळायला 1831 साल उजाडलं, आणि ते रॉबर्ट ब्राउननं दिलं. तुमच्या जांभळ्या कांद्याच्या काचपट्टीवर भिंत आणि तिच्या आतला जिवंत ऐवज, दोन्ही एकाच वेळी दिसतात. प्रदर्शनात हेच दाखवा.

आता मोजमाप. 10 च्या वस्तुभिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवून दृश्यवर्तुळाचा व्यास पाहा. समजा तो 1.8 मिलिमीटर आला. कांद्याच्या पेशी लांबीच्या दिशेनं त्यात 6 बसल्या, तर एका पेशीची लांबी 0.3 मिलिमीटर, म्हणजे 300 मायक्रोमीटर. एकाच जागी मोजून थांबू नका, चार-पाच ठिकाणी मोजा आणि सरासरी काढा. 40 च्या भिंगाखाली तोच व्यास चौपट कमी होतो, 0.45 मिलिमीटर. गालाच्या पेशी तिथे मोजा. साधारण 50 ते 80 मायक्रोमीटरच्या आसपास आकडा यायला हवा.

इथे एक चूक इतकी पक्की बसलेली असते की तिच्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. नेत्रिका 10 आणि वस्तुभिंग 40, म्हणून वहीतल्या चित्राखाली "400 पट" असं लिहितात. चित्र किती पट मोठं आहे हे चित्राच्या मापावरून ठरतं. 0.3 मिलिमीटरची पेशी तुम्ही 9 सेंटीमीटर लांब काढली असेल तर चित्र 300 पट आहे. सूक्ष्मदर्शी कोणताही असो.

मग मॉडेल. 1 मायक्रोमीटर बरोबर 1 सेंटीमीटर असं प्रमाण धरा, म्हणजे 10,000 पट. 20 मायक्रोमीटरची प्राणीपेशी 20 सेंटीमीटरची होईल, पानातली 40 मायक्रोमीटरची पेशी 40 सेंटीमीटरची. केंद्रक 6 सेंटीमीटर, हरितलवक 5 सेंटीमीटर लांब, तंतुकणिका 1 सेंटीमीटर रुंद आणि 2-3 सेंटीमीटर लांब. भित्तिकेला 3 मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा चालतो. आणि पटल? ते 7-8 नॅनोमीटरचं, म्हणजे या प्रमाणात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या सात-आठ पट, वहीच्या कागदाहूनही पातळ. म्हणून पटलासाठी पातळ पारदर्शक कागद लावा आणि रायबोसोमसाठी पेनाच्या टोकाचे ठिपके द्या. या प्रमाणात कांद्याची पेशी मात्र 3 मीटर लांब होते, तेव्हा वनस्पतीपेशी म्हणून पानातलीच पेशी घ्या.

पानातली पेशी घेतली तर हरितलवकं दाखवा. कांदा घेतला तर दाखवू नका. कांद्याच्या जमिनीखालच्या, उजेड न मिळालेल्या मांसल पापुद्र्यात हरितलवकं नसतात. वनस्पतीपेशीत हरितलवकं असतात म्हणून तंतुकणिका गाळून टाकतात, तेही चूक. दोन्ही असतात. वाढ झालेल्या वनस्पतीपेशीत रिक्तिका मधली बहुतेक जागा व्यापते, त्यामुळे केंद्रक कडेला सरकलेलं दाखवा, मधोमध नाही. 40 बाय 25 सेंटीमीटरच्या मॉडेलमध्ये कडेनं तीनेक सेंटीमीटरचा पेशीद्रवाचा पट्टा ठेवून उरलेला भाग रिक्तिकेला दिलात की ते पटण्याजोगं दिसतं. प्राणीपेशीत तारककाय, म्हणजे पेशीच्या विभाजनात मदत करणारं अंगक, विसरू नका.

थर्माकोल वापरणारच असाल तर पांढरा पाण्यातला गोंद आणि पाण्याचे रंग घ्या. स्प्रेच्या रंगातले आणि कडक वासाच्या गोंदातले द्रावक थर्माकोल विरघळवतात आणि केंद्रकाच्या जागी खड्डा पडतो. कागदाच्या लगद्याचे गोळे वजनाला हलके असतात, पण पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात. ओल्यावर रंग दिला तर भेगा पडतात.

नावाच्या चिठ्ठ्या दोन रंगांत करा. जे तुम्ही स्वतः सूक्ष्मदर्शीखाली पाहिलं, भित्तिका, केंद्रक, पेशीद्रव, त्यांना एक रंग. जे पुस्तकातून घेतलं, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, रायबोसोम, त्यांना दुसरा. ही अंगकं नीट दिसली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीमुळे, आणि मॉडेलमधले त्यांचे लाल-निळे रंग ओळखण्याच्या सोयीसाठी आहेत, हे खाली एका ओळीत लिहा. पाहणाऱ्याला तुमचं काम किती आणि वाचलेलं किती हे लगेच कळेल.

प्रदर्शनाच्या दिवशी काचपट्टी सकाळी एकदाच करून ठेवू नका. पाण्यातली काचपट्टी दिव्याच्या उष्णतेनं अर्ध्या तासातच वाळू लागते. आयोडीनवाल्या काचपट्टीत पाण्याऐवजी पातळ ग्लिसरीनचा थेंब घेतलात तर ती बराच जास्त वेळ टिकते. जांभळ्या कांद्याच्या काचपट्टीला ग्लिसरीन लावू नका, कारण तेही पेशीतलं पाणी ओढून घेतं. त्या सालीचे पाच-सहा तुकडे बशीत पाण्यात ठेवा, शेजारी मिठाच्या पाण्याची बाटली, टिपकागदाच्या पट्ट्या आणि ड्रॉपर ठेवा, आणि कुणी आलं की त्यांच्यासमोर नवी काचपट्टी करा. त्यांना नेत्रिकेला डोळा लावू द्या, आणि मग थेंब सोडा.