दुनळीच्या पोटावरचे ठसे

(दृश्य: तापीचं पात्र, केळीच्या बागा, मागे सातपुड्याची रांग. चोपडा तालुक्यातला एक वाडा.)

निवेदन:
या वाड्यात एक दुनळी बंदूक आहे. बाराबोर, बाहेर दोन घोडे, म्हणजे बार उडवणारे हातोडे, असलेली. चार पिढ्या ती याच घरात आहे, आणि तिच्यासोबत एक गोष्टही चालत आली आहे. वाघाच्या शिकारीत आऊटरम साहेब खूश झाला आणि ही बंदूक त्यानं घरच्या मूळपुरुषाला बक्षीस दिली, अशी ती गोष्ट.

अशी गोष्ट खानदेशात रुजायला जागा आहे. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८२५ मध्ये जेम्स आऊटरम या तरुण अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. सातपुड्यातल्या त्याच्या शिकारीचे किस्से त्याच्या हयातीतच पसरले होते.

नाना या घरातले वडीलधारे. त्यांची नात हीच गोष्ट ऐकत वाढली. बंदुकीचा परवाना नानांच्या नावावरून तिच्या वडिलांच्या नावावर करायची वेळ आली, तेव्हा तिनं नानांना विचारलं, "नाना, पण हे लिहिलेलं कुठे आहे?"

(दृश्य: अंगणात सतरंजी. कारागीर नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करतो. तेल, फडकं. नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात.)

निवेदन:
बंदूक उघडणारा माणूस परवानाधारक कारागीर आहे. हे काम घरच्या घरी करायचं नसतं. दोन्ही नळ्या आधी उजेडाकडे धरून पाहिल्या जातात. मग पुढची लाकडी पकड निघते आणि नळ्या अलग होतात.

आता नळीचा पृष्ठभाग नीट बघा. ही वेटोळी नक्षी वरून कोरलेली नाही, ती धातूच्या आतूनच आलेली आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवायच्या, करदोडा वळावा तसा त्यांना पीळ द्यायचा, तो पीळ सळईभोवती गुंडाळायचा आणि लाल असतानाच ठोकून ठोकून एकजीव करायचा. मग आतून भोक साफ करायचं, बाहेरून घासायचं. शेवटी तेजाबाचा हात फिरला की लोखंड वेगळं दिसतं, पोलाद वेगळं. हिला दमास्कस नळी म्हणतात. एका नळीमागे किती हातांचे घाम आहेत, ते या एका चित्रात दिसतं. ही काळ्या दारूच्या जमान्यातली नळी आहे. आजचं काडतूस हिच्यात घालायचं नाही.

(दृश्य: नळ्यांची खालची सपाट बाजू. भिंग. अक्षरं हळूहळू स्पष्ट होतात.)

निवेदन:
नळ्या जोडलेल्या असताना ही बाजू कुणालाच दिसत नाही. बंदुकीची जन्मपत्रिका मात्र इथेच असते.

मुकुट. त्याखाली एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड. बी, पी, सी ही अक्षरं. शेजारी तसाच दुसरा ठसा, त्यात व्ही. हे ठसे बर्मिंगहॅमच्या नळी-तपासणी घराचे आहेत. ते १८१३ साली कायद्यानं स्थापन झालं. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत. जी नळी टिकेल, तिच्यावर ठसा.

त्याला लागून आकडा आहे, बारा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोर.

आणि त्याखाली तीन इंग्रजी शब्द आहेत: 'नॉट फॉर बॉल'. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असलं, की छर्रे फार न फाकता दूरवर जातात. पण अशा नळीतून एकसंध गोळी मारायची नाही, हे त्या शब्दांनी बजावलं आहे. हा ठसा १८७५ मध्ये सुरू झाला आणि १८८७ मध्ये त्याच्या जागी दुसरा आला. म्हणजे ही नळी त्या बारा वर्षांतली.

आऊटरम १८३५ मध्ये खानदेश सोडून गेला आणि १८६३ मध्ये वारला. त्याच्या इथल्या दिवसांत बंदुका ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या, होत्या. मागून उघडून काडतूस घालायची बाराबोर त्यानं इथे कुणाला देणं शक्यच नव्हतं.

(दृश्य: नानांचा चेहरा. इथे निवेदन नाही. मग नाना अहिराणीत म्हणतात: "मंग हाई उनी कथाईन?" म्हणजे, मग ही आली कुठून?)

निवेदन:
खरा शोध नानांच्या या प्रश्नापासून सुरू झाला. साहेबाची गोष्ट गेली, आता घरची गोष्ट शोधायची होती.

(दृश्य: पत्र्याची पेटी. सातबारा, पावत्या, घडीवर फाटलेला परवाना.)

निवेदन:
१८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला. तो कायदा अपमानाचा होता. पण त्यानं मागे ठेवलेले कागद आज आपल्या उपयोगाचे आहेत. या परवान्यावरची तारीख वाळवीनं खाल्ली आहे. जिल्ह्याचं नाव मात्र शाबूत आहे: 'ईस्ट खानदेश'. जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. कागद त्यानंतरचाच. नाव नानांच्या वडिलांचं. आणि बंदुकीचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी आकड्याला आकडा जुळतो.

मधल्या वर्षांत ती कुणाकडे होती? दोन नळ्यांमधल्या पट्टीवर मुंबईच्या एका दुकानाचं नाव आहे. असं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, घडवणाऱ्याचं नव्हे. मुंबईची रेल्वे १८६० च्या दशकातच भुसावळला पोचली होती. बर्मिंगहॅमची नळी मुंबईत यायची आणि तिथून गाडीनं खानदेशात, हा रस्ता तेव्हा खुला होता. घडवणाऱ्याचं नाव कळलं, तर क्रमांकावरून पुढे जाता येतं. इंग्लंडमधल्या काही जुन्या बंदूकघरांनी त्या काळच्या वह्या आजही जपल्या आहेत.

(दृश्य: पोलीस ठाण्याची पाटी.)

निवेदन:
१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर कडक बंधनं आली. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहिल्या आणि जादाची जमा करावी लागली.

(दृश्य: नात वहीत ठसे उतरवून घेते.)

निवेदन:
कायदा पाळायलाच हवा. पण घरची जुनी बंदूक जमा करण्याआधी परवानाधारक कारागिराकडून ती एकदा उघडून घ्या. खालचे ठसे, क्रमांक आणि पट्टीवरचं नाव यांचे उजेडात फोटो काढा. जुन्या परवान्याच्या दोन्ही बाजूंची प्रत ठेवा. घरात सांगतात ती गोष्टही लिहा, चुकीची वाटली तरी लिहा आणि सांगणाऱ्याचं नाव घाला. या घरानं तसं केलं आहे. आऊटरमची गोष्ट त्या वहीत पहिल्या पानावर आहे, ठसे दुसऱ्या.