राजदूताची पत्रं आणि एक खचलेला पूल

मंडळी, विषय ‘केनेडी आणि गालब्रेथ यांचा पत्रव्यवहार’ असा जाहीर झालाय. त्यावर येतोच, पण आधी एका पुलाची गोष्ट सांगू द्या.

मी नोकरीत नवा होतो. ओढ्यावरच्या पुलाचा खांब खचला होता. भेगेत माझा अख्खा पंजा गेला. मी टिप्पणी लिहिली : ‘पूल खचला आहे. आजपासून एस.टी. बंद करावी.’ साहेबांनी लाल शाईने ती खोडली आणि लिहिलं, ‘सदर पुलाच्या स्थितीबाबत उचित कार्यवाही होणेस विनंती.’ खचणं गेलं, एस.टी. गेली, ‘आजपासून’ही गेलं. पुढे अठरा दिवस गाडी त्याच पुलावरून जात होती. शाळेची पोरं असायची हो तिच्यात! चाळीस वर्षं झाली, राग उतरलेला नाही.

म्हणून गालब्रेथ मला जवळचे. १९६१ ते १९६३ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ, साडेसहा फुटांहून उंच, पुढे कादंबरीही लिहिलेले. आपल्या लिखाणातला सहजपणा पाचव्या खर्ड्यात येतो, असं ते सांगत. इथे लिहिणारे बरेच बसलेत. पाचवा खर्डा कोणी कोणी केलाय? दोनच हात? बरं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले केनेडी हार्वर्डला शिकत होते, तेव्हापासूनची दोघांची ओळख. त्यामुळे परराष्ट्र खात्याला वळसा घालून हा माणूस थेट राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहायचा. खात्यामार्फत बोलणं कसं असतं, याची एक उपमा त्यांनी केनेडींना दिली होती. तिच्यात मध्ये एक गादी आहे. बाकीचं सांगत नाही, पुढच्या रांगेत आमच्या मावशी बसल्यात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. गोव्याचं, म्हणजे डिसेंबर १९६१ मध्ये नेहरूंनी थांबावं म्हणून त्यांनी केलेली धडपड, राहू द्या. त्याला वेगळी संध्याकाळ हवी.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला, तेव्हा वॉशिंग्टन क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचात गुंतलेलं. वरून फारशा सूचना येईनात. ईशान्येकडची मॅकमहोन रेषा हीच भारत-चीन सरहद्द अमेरिकेने मानावी, म्हणून गालब्रेथनी रेटा लावला आणि महिना संपायच्या आत तसं जाहीर झालं.

आणि व्हिएतनाम. केनेडींच्या सांगण्यावरून १९६१ च्या नोव्हेंबरात ते दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावला, जाऊन आले. एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी लिहून दिलं, की यात आणखी अडकू नका, राजकीय तोडगा काढा. केनेडींनी ते संरक्षणमंत्री मॅक्नामारांकडे धाडलं; सेनाप्रमुखांनी विरोध केला. केनेडी सत्तेवर आले तेव्हा तिथे अमेरिकेचे हजारभरही लष्करी सल्लागार नव्हते. त्यांची हत्या झाली तेव्हा सुमारे १६ हजार होते.

म्हणजे पत्राने युद्ध टळलं नाही, हे मला कबूल आहे. पण आपल्याला काय सांगितलं जातंय, हे केनेडींना कळलं होतं. आमच्या साहेबांच्या वरच्या साहेबांना ती भेग केवढी होती हे कधी कळलंच नाही.