दोन दिवस वस्तीत
(माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: कुंभारी, सकाळ. वरून दिसणाऱ्या एकसारख्या घरांच्या रांगा.]

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारीजवळ ही वसाहत दिसू लागते. 10,000 घरं, आणि ती विडी कामगार बायकांची. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी घरांसाठी सहकारी संस्था उभी केली, मोर्चे काढले, सरकारदरबारी खेटे घातले. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांना घरांचा ताबा मिळाला. संस्थेला नाव दिलं वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकरांचं.

[दृश्य: बस थांबते. विद्यार्थिनी उतरते, गल्लीत वळते.]

ही मुलगी मंगळवेढ्याकडची. सोलापुरात एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आहे. मास्टर ऑफ सोशल वर्क, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. दोन वर्षं, चार सत्रं. आठवड्यातले दोन दिवस तिला कॉलेजात तास नसतात. त्या दिवशी ज्याची नेमणूक जिथे असेल तिथे जायचं. कुणी वस्तीत, कुणी दवाखान्यात, कुणी बालगृहात, कुणी पोलीस ठाण्यातल्या समुपदेशन कक्षात. विद्यापीठाच्या कागदावर याला क्षेत्रकार्य म्हणतात. मुलं म्हणतात फिल्डवर्क.

घरचे विचारतात, समाजसेवा करायची तर त्यात शिकायचं काय? दोन वर्षं कशाला घालवायची? तिच्या मागोमाग जाऊन पाहू.

[दृश्य: विडी वळणारे हात. अगदी जवळून.]

आधी हे हात पाहा. तेंदूची पानं रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेली. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरते, एकाच मापाचा तुकडा निघतो. चिमूटभर तंबाखू, बोटांचा वळसा, दोऱ्याची गाठ, आणि तोंड दुमडलं की विडी झाली. सुपातला ढीग वाढत जातो. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते, म्हणून हात थांबत नाही. पाहुणा आला तरी नाही. आम्ही कॅमेरा घेऊन बसलो होतो, तरी नाही.

पहिल्या गृहभेटीला जाताना विद्यार्थिनीला बजावलेलं असतं, वही लगेच उघडायची नाही. आधी बसायचं. काम चाललं असेल तर त्या कामाच्या गतीने बोलायचं. बाई गप्प राहिली तर आपणही गप्प राहायचं. बाविसाव्या वर्षी अनोळखी घरात गप्प बसणं सोपं नसतं, आणि हे कुठल्या पुस्तकातून येत नाही.

पुस्तकातून जे यायला हवं तेही इथेच कामाला लागतं. विडी कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा होता 1966 चा, 2025 मध्ये तो नव्या श्रम संहितेत गेला. त्यांच्या कल्याण निधीचा कायदा 1976 चा. त्या निधीतून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत. विड्यांवरच्या उपकरातून तो पैसा येई. 2017 मध्ये जीएसटी आला आणि उपकर बंद झाला. ‘मुलाच्या शिष्यवृत्तीचं काय झालं?’ असं समोरची बाई विचारते, तेव्हा हे सगळं विद्यार्थिनीच्या जिभेवर असावं लागतं. तिथे ‘बघून सांगते’ एकदा चालतं, दुसऱ्यांदा दार अर्धंच उघडतं.

[दृश्य: घराचा उंबरा. आई सुपाशी, शेजारी मुलगी, समोर विद्यार्थिनी.]

हे घर तेलुगू बोलणाऱ्यांचं आहे. सोलापूरच्या विणकर आणि विडी वस्त्यांमध्ये तेलुगू घराघरात ऐकू येते. विद्यार्थिनीला त्यातलं ‘बागुन्नारा’ तेवढं येतं, म्हणजे बऱ्या आहात ना. त्या शब्दावर सुपाशी बसलेल्या अक्का, म्हणजे घरातली आई, हसतात. पुढचं बोलणं घरातली आठवीतली मुलगी इकडून तिकडे पोहोचवते. मुलगी चुणचुणीत. मराठी शाळेत शिकलेली. विद्यार्थिनी विचारते, मुलगी आईला सांगते, आई बोलते, मुलगी मराठीत आणते.

शाळेच्या हजेरीत हिच्या नावापुढे बरेच दिवस कोरं आहे, म्हणून ही भेट. उत्तर मिळतं: ‘आई म्हणते, घरात कामाला कोणी नाही.’

विद्यार्थिनी तेच वहीत लिहिते.

[दृश्य: कॉलेज. छोटी खोली, टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर रेकॉर्डिंगची वही.]

एमएसडब्ल्यूमधला सगळ्यात महत्त्वाचा तास या खोलीत होतो. वेळापत्रकात त्याला इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स म्हणतात, मुलांच्या तोंडी नुसतं ‘आयसी’. एक विद्यार्थी, एक मार्गदर्शक आणि मधे त्या आठवड्याचा अहवाल. अहवालात काय पाहिलं, कोण काय बोललं हे एकीकडे लिहायचं. आपल्याला काय वाटलं, ते दुसरीकडे. ही दोन खाती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, यासाठी पहिलं अख्खं सत्र खर्ची पडतं.

वहीत एका ओळीखाली लाल रेघ आहे. ‘कुटुंबाला शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही.’ मार्गदर्शक मॅडम विचारतात, हे तू पाहिलंस, की तुला वाटलं?

विद्यार्थिनी म्हणते, आईच तसं म्हणाली.

‘आई तसं म्हणाली, की मुलीने सांगितलं की आई तसं म्हणाली?’

[निवेदन थांबते. विद्यार्थिनीचा चेहरा. दहा सेकंद.]

इथे हे शिक्षण सुरू होतं, असं आम्हाला वाटतं. मुलीच्या शाळेबद्दलचा प्रश्न मुलीच्याच तोंडून आईकडे गेला आणि आईचं उत्तर मुलीच्याच तोंडून परत आलं. ज्या मुलीबद्दल बोलणं चाललं होतं, तिच्या हातात दोन्ही टोकं होती. विद्यार्थिनीच्या कामात कसूर नव्हती. ती वेळेवर गेली, नीट बसली, प्रामाणिकपणे लिहिलं. तरी अहवाल चुकला. आणि आयसी झाली नसती तर तो तसाच फायलीला लागला असता, आईच्या माथी एक ठपका ठेवून.

[दृश्य: वहीचं कोरं पान. पेन्सिलीने चौकोन, वर्तुळं, रेघा.]

मग मॅडम तिला कुटुंबाचा आराखडा काढायला लावतात. जेनोग्राम. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, वारलेल्यावर फुली. लग्नाची रेघ आडवी, मुलांची उभी. काढता काढता लक्षात येतं, की आजीबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. वडील कुठे कामाला जातात हेही विचारलेलं नाही. पानावर जागा रिकाम्या राहतात आणि पुढच्या भेटीत काय विचारायचं ते त्या जागाच सांगतात.

पुढच्या आठवड्यात वर्गातली दुसरी मुलगी सोबत जाते. ती सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. या वेळी आई स्वतः बोलते, आणि बराच वेळ बोलते. तिचं म्हणणं वेगळं निघतं. मुलीला शाळेत पाठवायला ती कधीच नाही म्हणाली नव्हती. महिनाभरात मुलीचं नाव पुन्हा हजेरीत दिसू लागलं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. मुंबई, नागपाडा.]

देशात हे असं शिकवण्याची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालयं अशी कामं उभी राहिली. 1936 मध्ये नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण देणारी ही देशातली पहिली संस्था. संचालक होते क्लिफर्ड मॅनशार्ट. हा अमेरिकी मिशनरी नागपाड्याच्या चाळींमध्ये आधीपासून काम करत होता, आणि शाळा निघाली तीही त्या चाळींना लागूनच. वस्ती आधी, वर्ग नंतर, हा क्रम तेव्हापासूनचा. 1944 मध्ये संस्थेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. 1946 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, नागपुरात मातृसेवा संघाची संस्था, अशी महाविद्यालयं निघत गेली. 1986 मध्ये टाटा संस्थेने ग्रामीण कामासाठी तुळजापुरात केंद्र काढलं. सोलापूरहून तिथे एसटीने जाऊन संध्याकाळी परतता येतं.

[दृश्य: पहाट. ज्वारीचं शिवार. विद्यार्थी आणि गावकरी बांधावरून चालताना.]

दुसरं मोठं शिक्षण म्हणजे ग्रामीण शिबिर. आठ-दहा दिवस मुक्काम शाळेत, स्वयंपाक आळीपाळीने. दिवस सुरू होतो शिवारफेरीने. गावातली जाणती माणसं पुढे, मुलं मागे. विहिरीला पाणी किती, कुठल्या रानात काय पेरलंय, कुठलं पडीक का पडलं, हे चालता चालता विचारायचं. मालदांडी ज्वारी डोक्याएवढी झालेली असते, त्यामुळे बोलणारा दिसत नाही, नुसता आवाज येतो. या दृश्यांतले आवाज आम्ही तसेच ठेवले आहेत.

[दृश्य: ग्रामपंचायतीसमोरचं अंगण. रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा.]

दुपारी गाव अंगणात स्वतःचा नकाशा काढतं. रांगोळी गावकऱ्यांच्याच हातात द्यायची आणि मुलांनी मागे राहायचं, हा नियम. सुरुवात पुरुष करतात. देऊळ, चावडी, शाळा, दुकान, डांबरी रस्ता. रेघा ठसठशीत, नकाशा बघता बघता पुरा होतो. मग बायकांना पुढे बोलावलं जातं. एक आजी हातपंपावर बोट ठेवून म्हणतात, ‘हा बंद हाय. पुसा.’ दुसरी बाई पाण्याला कुठून कुठे जावं लागतं ती वाट काढते. ती वाट पुरुषांच्या नकाशात नव्हतीच.

आणि ओढ्यापलीकडची वस्ती कुठे आहे? गर्दीच्या मागे उभ्या एका पोरीने विचारलं. कोणी तिला रांगोळी दिली नाही, तेव्हा तिने मूठभर चिंचोके घेतले आणि ओढ्याच्या रेघेपलीकडे एकेक घर मांडत गेली.

[निवेदन थांबते. चिंचोके मांडणारा हात.]

विद्यार्थ्यांपैकी कोणी मधे बोललं नाही. त्यांना तसं शिकवलेलं आहे. संध्याकाळच्या बैठकीत या नकाशावर दोन तास चर्चा झाली आणि दुसऱ्या दिवशीची फेरी ओढ्यापलीकडून सुरू करायची, असं मुलांनी ठरवलं. ग्रामसभेपुढे हा नकाशा ठेवला गेला आहे.

[दृश्य: सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा. आरोग्यमित्राची खिडकी, रांग.]

दुसऱ्या वर्षाचा हा विद्यार्थी रुग्णालयात फिल्डवर्क करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीशी रांग आहे. शिधापत्रिकेवर आडनाव एका तऱ्हेने, आधारकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. तेलुगू आडनावांचं हे हमखास होतं. रुग्ण आत खाटेवर, नातेवाईक हातात कागद घेऊन उभा. विद्यार्थी त्याच्यासोबत एकेका टेबलाशी जातो, कुठला कागद कुठे बदलून मिळेल ते विचारतो, परत येतो. सरकारी रुग्णालयात या कामासाठी एक पद असतं, समाजसेवा अधीक्षक. त्यासाठी समाजकार्याचं शिक्षण लागतं.

[दृश्य: पदवीदान. गटाचं छायाचित्र.]

या पदवीधरांवर आपले कायदे विसंबून आहेत. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजसेवक बसतात, त्यातली एक तरी स्त्री असावी लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोचिकित्सा समाजसेवकाचा उल्लेख आहे. तरी वकिलांची जशी परिषद आहे, तशी समाजकार्याची स्वतंत्र वैधानिक परिषद देशात अजून नाही. पुष्कळांना नोकरी मिळते ती कंत्राटी, प्रकल्प संपला की संपणारी.

[दृश्य: पुन्हा आयसीची खोली. दाराबाहेर बाकावर वाट पाहणारे विद्यार्थी.]

जिथे प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत, तिथे पहिला घाला या खोलीवर पडतो. एकेकट्याची आयसी बंद होते, दहा जणांना एकत्र बसवतात, पुढे वहीवर नुसती सही. आठवड्याचे दोन दिवस वस्तीत जाऊनही मुलगी ‘कुटुंबाला शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही’ असं लिहीत राहते आणि पास होते. म्हणून या जागा भरल्या पाहिजेत. आणि फिल्डवर्कला जाण्या-येण्याचं भाडं शिष्यवृत्तीत धरलं पाहिजे. जी मुलं या वस्त्यांमधून आणि तांड्यांवरून शिकायला येतात, त्यांनाच ते जड जातं.

कुंभारीला जाणाऱ्या मुलीने दुसऱ्या वर्षासाठी वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य निवडलं आहे. वसाहतीतल्या तिच्या जागी नव्या तुकडीतला एक मुलगा येणार आहे. त्याला कुठली घरं दाखवायची याची यादी तिने करून ठेवली आहे, आणि प्रत्येक घरापुढे कोणासाठी दुभाषी लागेल आणि तो कोण असावा, तेही लिहिलं आहे.

[श्रेयनामावली]