काट्याची गोष्ट : लेक्सस, हायब्रिड आणि वेग

सुरुवात एका डॅशबोर्डपासून करूया. गाडी लेक्ससची, म्हणजे टोयोटाच्या लक्झरी ब्रँडची, आरएक्स ४००एच, पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हीवर चालणारी हायब्रिड, साल २००५. पॉवरचं बटन दाबलं आणि काहीच झालं नाही. स्टार्टरची घरघर नाही, स्टिअरिंगला थरथर नाही, समोर फक्त 'रेडी' असा दिवा लागला. आता मीटरकडे बघा. जिथे आपल्याला आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय त्याचा, काटा बघायची सवय असते तिथे ह्या गाडीत आरपीएम नाहीच, तिथे किलोवॅट दाखवणारा पॉवर मीटर बसवलाय. म्हणजे इंजिन किती फिरतंय, किंवा मुळात फिरतंय की बंद आहे, ह्याच्याशी ड्रायव्हरला काही देणंघेणं नको असं कंपनीनेच ठरवून टाकलेलं.

आता दुसरा डॅशबोर्ड. साल २०१०, कंपनी तीच, गाडी एलएफए ही सुपरकार. मधोमध एकच मोठा गोल आणि त्यात एकच गोष्ट ठळक, आरपीएम. पण इथेही खरा काटा नाही, स्क्रीनवर काढलेला आहे. कारण ह्या गाडीचं व्ही१०, म्हणजे दहा सिलिंडरचं, इंजिन आयडलवरून, म्हणजे पाय न दाबता सावकाश फिरत असताना, ९,००० आरपीएमला ०.६ सेकंदात पोचतं आणि खराखुरा काटा तेवढ्या वेळात तिथवर पोचूच शकत नव्हता, इंजिन पुढे आणि काटा मागे राहायचा, म्हणून मग स्क्रीन.

एका गाडीने काटा काढूनच टाकला आणि दुसरीत इंजिन एवढं चपळ की काटा पुरेना. एकाच घरातल्या ह्या दोन गाड्या, मध्ये अंतर पाच-सहा वर्षांचं. ह्या दोन टोकांची गाठ पुढे कशी पडली ते आज बघायचंय, आणि मला विचाराल तर लेक्ससबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात भारी काही असेल तर ते हेच आहे.

थोडं मागे जावं लागेल. १९८३ साली टोयोटाचे चेअरमन एइजी टोयोडा ह्यांनी मीटिंगमध्ये विचारलं की जगातल्या सगळ्यात चांगल्या लक्झरी गाड्यांना टक्कर देईल अशी गाडी आपण बनवू शकतो का. त्यातून एफवन नावाचं प्रोजेक्ट उभं राहिलं, एफवन म्हणजे फ्लॅगशिप वन, रेसिंगचं फॉर्म्युला वन नव्हे. इचिरो सुझुकी चीफ इंजिनीअर, साडेचारशेच्या आसपास प्रोटोटाइप, हजारो माणसं आणि सहा वर्षं. १९८९ च्या जानेवारीत डेट्रॉइटला लेक्ससची एलएस ४०० जगासमोर आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत विक्री सुरू झाली.

तेव्हाची जाहिरात आजही लोकांना आठवते. बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचलाय, गाडी रोलर्सवर उभी आहे, चाकं फिरत फिरत ताशी १४५ मैलांच्या हिशोबाला जातात, म्हणजे साधारण २३३ किलोमीटर, आणि मनोरा जागचा हलत नाही. सुझुकींच्या टीमचा हट्टच तो होता, की आवाज आणि थरथर झाकायची नाही, जिथे जन्म घेते तिथेच संपवायची. आवाज दाबायला जाड जाड पॅड लावणं सोपं असतं, पण त्याने वजन वाढतं आणि मूळ दुखणं आहे तिथेच राहतं, म्हणून मग एकेका पार्टची फिटिंग घट्ट आणि अचूक करत जायचं, त्याला वेळ आणि पैसा लागेल तेवढा लागू दे.

तर शांतता हा ह्या ब्रँडचा पहिला गुण. आणि शांततेच्याच मागे लागलात की कधी ना कधी तुम्ही इलेक्ट्रिक मोटरपाशी येणारच, कारण मोटरएवढं गुळगुळीत दुसरं काही फिरत नाही. १९९७ च्या डिसेंबरमध्ये टोयोटाने जपानमध्ये प्रियस ही हायब्रिड आणली होती, पण ती पेट्रोल वाचवणारी छोटी गाडी. तीच युक्ती लक्झरी एसयूव्हीत घालायची हा विचार २००५ च्या आरएक्स ४००एच मध्ये उतरला. ३.३ लिटरचं व्ही६ इंजिन, पुढे मोटर, आणि मागच्या चाकांना वेगळी मोटर, त्यामुळे पुढून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्टच नाही, मागची चाकं फक्त विजेवर. ही पहिली लक्झरी हायब्रिड एसयूव्ही, आणि बाकीच्या मोठ्या ब्रँडना ह्या वाटेवर यायला त्यानंतर काही वर्षं लागली.

इथे दोन मिनिटं थांबून ह्या सिस्टिमच्या पोटात डोकावूया, कारण पुढची सगळी भानगड इथेच आहे. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये नेहमीचा गिअरबॉक्स नसतो, एक प्लॅनेटरी गिअर असतो. मधे एक छोटं चाक, त्याला सन गिअर म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, ती एका कॅरिअरवर बसवलेली. आणि सगळ्यांच्या बाहेर आतून दाते असलेली एक रिंग. सन गिअरला जनरेटर जोडलाय, कॅरिअरला इंजिन, रिंगला मोटर आणि तिथून पुढे गाडीची चाकं. ही तिन्ही एकमेकांत कायम गुंतलेली, क्लच नाही, गिअर टाकणं नाही. जनरेटर कमी-जास्त फिरवला की इंजिनचा वेग आणि चाकांचा वेग ह्यांचं गणित पाहिजे तसं बदलता येतं. फार सुंदर डिझाइन आहे हे. झिजायला फारसं काही नाहीच.

पण ह्याच सुंदर गोष्टीत दुखणंही आहे. इंजिनचा वेग चाकांना बांधलेला नाही ना, मग पाय जोरात दाबला की सिस्टिम म्हणते चला, सगळ्यात जास्त ताकद जिथे मिळते तिथे इंजिन नेऊन ठेवूया, आणि इंजिन एकदम वर जाऊन एकाच सुरात ओरडत राहतं आणि गाडीचा वेग मागून सावकाश वाढत राहतो. लोक ह्याला रबर बँड म्हणतात. आवाज पुढे, गाडी मागे. सावकाश चालवणाऱ्याला हे कधी जाणवणारही नाही पण ज्याला गाडी चालवायची हौस आहे त्याच्या कानाला आणि पायाला हे पहिल्या पाच मिनिटांत खटकतं.

लेक्ससने ताकद वाढवून बघितली. २००६ ची जीएस ४५०एच, साडेतीन लिटरचं व्ही६, मागच्या चाकांना ड्राइव्ह, ३४० च्या आसपास हॉर्सपॉवर. सरळ रस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकायची, फक्त बॅटरीने डिकीची बरीच जागा खाल्ली होती. मग २००७ ची एलएस ६००एच, पाच लिटरचं व्ही८ आणि वर हायब्रिड, अमेरिकेत किंमत एक लाख डॉलरच्या पुढे. एवढ्या वजनापुढे मायलेजचा फायदा फार मोठा उरत नव्हता हे खरंय. पण मागच्या सीटवर बसून शहरातून चाललात तर व्ही८ कधी बंद झालं आणि कधी चालू झालं ते कळायचं नाही, आणि माझ्या मते तेच त्या गाडीचं खरं काम होतं. रबर बँडचा प्रश्न मात्र ताकदीने सुटणारा नव्हताच.

आणि आता त्याच घरातली दुसरी खोली. युकिहिको यागुची नावाचे इंजिनीअर एक छोटी टीम घेऊन वेगळंच काहीतरी करत होते. २००७ मध्ये डेट्रॉइटला आयएस एफ दाखवली गेली. छोट्या सेडानमध्ये पाच लिटरचं व्ही८, ४१६ हॉर्सपॉवर, आठ गिअर. एफ अक्षर फुजी स्पीडवेवरून, जपानमधल्या ज्या ट्रॅकवर ह्या गाड्या घासूनपुसून तयार होतात तो. ह्या गाडीत एअर इनटेकचा, म्हणजे इंजिनने हवा आत ओढण्याचा, दुसरा रस्ता आहे, साधारण ३,६०० आरपीएमच्या वर उघडतो, आणि तो उघडला की तोवर शहाण्यासारखी चाललेली गाडी अचानक गर्जना करते. ग्लासांचा मनोरा न हलू देणारी हीच ती कंपनी.

आणि मग एलएफए. तिचं काम २००० सालाच्या आसपास सुरू झालेलं, हारुहिको तानाहाशी चीफ इंजिनीअर. बॉडी ॲल्युमिनिअमची ठरली होती आणि बरंच काम झाल्यावर ती कार्बन फायबरची करायचं ठरलं, म्हणजे जवळपास नव्याने सुरुवात. कार्बनच्या नळ्या विणायला टीमने गोल माग बनवून घेतला. इथे मला दरवेळी काटा येतो अंगावर, कारण टोयोटाचं घराणं मुळात मागवाल्यांचं. साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये टाइप जी हा ऑटोमॅटिक माग तयार केला आणि मागाच्या त्याच धंद्यातून पुढे मोटारीची कंपनी निघाली. ऐंशीएक वर्षांनी त्याच घराण्याच्या सुपरकारसाठी परत धागे विणले जात होते, ह्यावेळी कार्बनचे.

इंजिन यामाहाबरोबर केलेलं, ४.८ लिटरचं व्ही१०. यामाहा म्हणजे बाइकबरोबर पियानोही बनवणारं घराणं, त्यामुळे ह्या इंजिनच्या आवाजावर वाद्यासारखं काम झालंय. हवा जिथे साठते त्या सर्ज टँकच्या आकारावर आणि त्याच्या कडांवर मेहनत घेतली आणि तिथून आवाज केबिनमध्ये आणायला नळ्या काढल्या. स्पीकरचा खोटा आवाज नाही, इंजिनचाच श्वास. एकूण ५०० गाड्या बनल्या, मोतोमाची कारखान्यात, दिवसाला फार तर एक, डिसेंबर २०१० पासून डिसेंबर २०१२ पर्यंत. अमेरिकेत किंमत ३,७५,००० डॉलर.

ह्या गाडीची गोष्ट हिरोमु नारुसे ह्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. १९६३ पासून टोयोटात, मास्टर टेस्ट ड्रायव्हर. अकिओ टोयोडा पुढे कंपनीचे प्रेसिडेंट झाले, पण गाडी खरी चालवायची कशी, गाडी काय सांगते ते ऐकायचं कसं, हे ते नारुसेंकडून शिकले. २३ जून २०१० ला जर्मनीत न्युर्बुर्गरिंग ह्या रेस ट्रॅकजवळच्या रस्त्यावर एलएफएचा प्रोटोटाइप चालवताना अपघातात नारुसे गेले. वय ६७. गाडी पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायला अजून काही महिने बाकी होते. पुढच्या वर्षी रेसिंग ड्रायव्हर अकिरा इइदा ह्यांनी त्याच न्युर्बुर्गरिंगवर, वीस किलोमीटरहून लांब लॅप, एलएफएने ७ मिनिटं १४.६४ सेकंदांत मारली.

आता मजा बघा, एवढं सगळं होऊनही शोरूममध्ये उभ्या असलेल्या लेक्ससबद्दल लोकांचं मत काय होतं? २०११ मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचला नवीन जीएसच्या अनावरणाला अकिओ टोयोडा स्वतः गेले होते आणि तिथे त्यांना तोंडावर ऐकावं लागलं की लेक्सस गाड्या छान बनवलेल्या असतात पण चालवायला बोअरिंग असतात. ज्यांनी नारुसेंकडून गाडी शिकली त्या माणसाला हे किती लागलं असेल. त्यांनी ते धरून ठेवलं, पुढे कित्येक वर्षं ते हा प्रसंग स्वतः सांगत राहिले.

त्याच सुमाराला एक छोटी हायब्रिड आली होती, सीटी २००एच. ताकद बेताची, आत प्रियसचीच यंत्रणा. पण तिच्या मीटरमध्ये एक गंमत होती. नेहमीच्या मोडमध्ये तिथे पॉवर मीटर दिसायचा, निळ्या प्रकाशात. मधला नॉब फिरवून स्पोर्ट केलं की प्रकाश लाल आणि पॉवर मीटरच्या जागी आरपीएमचा काटा! तोच गोल, तोच काटा, फक्त भाषा बदलायची. इंजिन आणि चाकांचं नातं तेच होतं, रबर बँडही तोच होता, पण कुणालातरी आत वाटलं होतं की हायब्रिड चालवणाऱ्यालाही काटा हवा असतो.

खरं उत्तर आलं एलसी मधून. २०१२ मध्ये डेट्रॉइटला एलएफ-एलसी नावाची कन्सेप्ट, म्हणजे नुसती दाखवण्यापुरती गाडी, दाखवली, कॅलिफोर्नियातल्या कॅल्टी डिझाइन स्टुडिओची, लोक बघतच राहिले. पण एवढं बुटकं बॉनेट ठेवून खरी गाडी बनवायची तर इंजिन आणि सस्पेन्शन सगळंच नव्याने मांडावं लागणार होतं. ते काम कोजी सातो ह्यांच्याकडे आलं, हेच सातो २०२३ मध्ये टोयोटाचे प्रेसिडेंट झाले. नवीन प्लॅटफॉर्म केला, इंजिन खाली आणि मागे सरकवलं, आणि २०१६ मध्ये गाडी दोन रूपांत समोर आली. एलसी ५००, पाच लिटरचं व्ही८, दहा गिअर. आणि एलसी ५००एच, साडेतीन लिटरचं व्ही६ हायब्रिड.

ह्या दुसऱ्या गाडीत प्लॅनेटरी गिअरच्या मागे एक साधा चार गिअरचा ऑटोमॅटिक बसवला. सांगायला एका वाक्याचं काम आहे पण परिणाम बघा. आता इंजिनला चाकांपाशी पोचायला चार वेगवेगळे रस्ते मिळाले, म्हणजे कमी वेगातही इंजिनची मोठी ताकद चाकांपर्यंत जाते, आणि सॉफ्टवेअर प्लॅनेटरी आणि चार गिअर ह्यांचा मेळ घालून दहा पायऱ्या तयार करतं. पाय दाबा, काटा चढतो, गिअर पडतो, काटा खाली येतो, परत चढतो, आणि ह्या सगळ्याबरोबर गाडी पुढे जाते. आवाज आणि वेग एकत्र! अकराएक वर्षांपूर्वी ज्या घरात हायब्रिडचा काटा काढून टाकला होता त्याच घरातल्या हायब्रिडमध्ये आता काटा बघत गाडी चालवावीशी वाटायला लागली.

खरं सांगतो, एवढं करूनही व्ही८ वाल्या एलसीचा आवाज ऐकला की मन तिकडेच जातं.

पुढचं पाऊल २०२२ चं, आरएक्स ५००एच एफ स्पोर्ट परफॉर्मन्स. इथे तर तो लाडका प्लॅनेटरी गिअरच काढून टाकलाय. २.४ लिटरचं टर्बो इंजिन, मग मोटर, मग सरळ सहा गिअरचा ऑटोमॅटिक, आणि मागच्या चाकांना स्वतंत्र इलेक्ट्रिक ॲक्सल. साडेतीनशेच्या वर हॉर्सपॉवर. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणारी सिस्टिम डायरेक्ट४, गरजेप्रमाणे सगळी ताकद पुढे किंवा ८० टक्के मागे. मायलेज इतर आरएक्स हायब्रिडपेक्षा कमी आणि ते कंपनीने उघड उघड पत्करलंय, कारण इथे हायब्रिड पेट्रोल वाचवायला कमी आणि पाय दाबल्याबरोबर ढकलायला जास्त आहे. टर्बोला दम भरायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात मोटर गाडीला पुढे नेते. आरएक्स म्हणजे ह्या ब्रँडची घराघरात जाणारी गाडी, मुलांना शाळेत सोडणारी, आणि शांत हायब्रिडची सुरुवातही तिच्यातच झालेली, म्हणून हा बदल तिच्यात झाला ह्याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

आणि आता इंजिनच नसलेल्या गाड्या आल्यात. तिथे काट्याने मोजायचं तरी काय? २०२२ मध्ये लेक्ससने यूएक्स ३००ई ह्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीचा एक प्रोटोटाइप दाखवला, त्यात क्लच पेडल आहे, गिअरची दांडी आहे, आणि दोन्ही कशालाच जोडलेली नाहीत. गिअर टाकला की सॉफ्टवेअर मोटरची ताकद त्या हिशोबाने कमी-जास्त करतं, स्पीकरमधून इंजिनचा आवाज येतो. बटनाने हे सगळं बंद केलं की गाडी परत तशीच नि:शब्द, २००५ च्या त्या आरएक्सपेक्षाही शांत. चालू ठेवलं आणि क्लच झटकन सोडला, तर ज्या गाडीत इंजिन नाही ती गाडी गचका देऊन बंद पडते.