पावणेदोन तासांचं बिल

[दृश्य: पडद्यावर एक रिकामी चौकट. शेजारी लिहिलंय, ‘तास’. कर्सर लुकलुकतोय.]

पावणेदोन तास काम झालं. आता या चौकटीत काय भरायचं?

बऱ्याच जणांचा हात १.४५ कडे जातो. एक तास पंचेचाळीस मिनिटं, म्हणून १.४५. संगणक मात्र हा आकडा दशांशात वाचतो. त्याच्या लेखी १.४५ तास म्हणजे एक तास सत्तावीस मिनिटं. तासाचा दर १,००० रुपये असेल, तर १,७५० ऐवजी बिल निघतं १,४५० चं. दीड तासाला १.३० लिहिलं की २०० रुपये कमी. महिन्याभरात अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या तर किती रक्कम बुडते, ते फ्रीलान्सरला कधी कळतही नाही. बिल कमी आलंय म्हणून क्लायंट फोन करत नाही.

वेळ नोंदवणाऱ्या ॲपची रचना या एका चौकटीपासून सुरू होते. तिथे १:४५ चालायला हवं, १.७५ चालायला हवं आणि ‘१०५ मि’ सुद्धा. आकडा भरताक्षणी खाली अक्षरांत उमटायला हवं: ‘१ तास ४५ मिनिटं, ₹१,७५०’. टिंबानंतर १५, ३० किंवा ४५ आलं, तर ॲपनं तिथल्या तिथे विचारावं, की ही मिनिटं आहेत का? आपण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड अशाच भाषेत वेळ मोजतो. मग चौकटीशेजारी पाव, अर्धा, पाऊण आणि एक अशी चार बटणं दिली तर टायपिंगची गरजच उरत नाही.

[दृश्य: जुनं लाकडी हजेरी-घड्याळ. किल्ली आत जाते, कागदी पट्टीवर आकडे उमटतात.]

कामाची वेळ यंत्रानं टिपायला सुरुवात झाली कारखान्याच्या दारात. १८८८ च्या सुमाराला, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी, विलर्ड बंडी या जवाहिऱ्यानं हजेरीचं घड्याळ तयार केलं. प्रत्येक कामगाराला स्वतःच्या क्रमांकाची किल्ली. ती घातली की क्रमांक आणि वेळ कागदावर छापली जायची. बंडींची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन होत गेली आणि त्यातूनच जी मोठी कंपनी उभी राहिली, तिला १९२४ मध्ये आयबीएम हे नाव मिळालं.

ते घड्याळ मालकाचं होतं. फ्रीलान्सरच्या घड्याळाला दोन धनी असतात. काम करणाऱ्याला त्यातून स्वतःचा दिवस कळायला हवा आणि पैसे देणाऱ्याला बिल पटायला हवं. एकाच नोंदीतून या दोन्ही गरजा भागवायच्या, हे या कामातलं खरं अवघड.

तासावर बिल लावण्याची शिस्त रुळली ती वकिलांच्या कचेऱ्यांत. बोस्टनचे वकील रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोजच्या टाइमशीटचा आग्रह धरला. तासाचे दहा भाग करायचे, सहा मिनिटांचा एक. वकिली बिलांमधला ०.१ तास तो हाच. सहाचे दहा, दहाचे सहा, की पंधराचे चार, हा प्रश्न आजही प्रत्येक ॲपमध्ये असतो. बहुतेक जण तो सेटिंगमध्ये एकदा निवडतात आणि विसरतात.

विसरू नये. हिशेब पाहा.

[दृश्य: कागदावर बारा ओळी. प्रत्येकीपुढे ‘४ मि’.]

महिन्याभरात क्लायंटचे बारा छोटे फोन झाले. प्रत्येकी चार मिनिटं. प्रत्यक्ष वेळ अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे हजाराच्या दरानं ८०० रुपये. प्रत्येक नोंद सहा मिनिटांपर्यंत वर चढवली तर बहात्तर मिनिटं, १,२०० रुपये. प्रत्येक नोंद पंधरापर्यंत चढवली तर तीन तास, ३,००० रुपये. काम तेच, फोन तेच. फरक फक्त एवढाच, की पूर्णांक, म्हणजे मिनिटं ठरलेल्या टप्प्यावर नेणं, कुठे केला.

म्हणून वेळ नेहमी सेकंदात साठवावी, आहे तशी. पूर्णांक करायचाच असेल तर बिलाच्या ओळीवर, एकदाच, आणि तो नियम बिलावर छापून. नोंदीनोंदीला वर चढवण्याची सोय ॲपमध्ये ठेवूच नये. किमान आकारणी हवी असेल, म्हणजे ‘फोन कितीही छोटा असो, पंधरा मिनिटं धरू’, तर ती करारात लिहावी आणि बिलावर वेगळी ओळ म्हणून दाखवावी. मिनिटांच्या आकड्यात ती लपवू नये.

दुसरी गडबड दशांशाचीच. वीस-वीस मिनिटांच्या तीन नोंदी. प्रत्येकीपुढे ॲप दाखवतं ०.३३. खाली बेरीज दाखवतं १.००. क्लायंट कॅल्क्युलेटर घेऊन बसतो आणि त्याची बेरीज येते ०.९९. एका शतांशासाठी अख्ख्या बिलावरचा विश्वास डळमळतो. तसंच, तासाला १,२०० दर आणि काम एक तास वीस मिनिटं, तर रक्कम १,६०० च व्हायला हवी. १.३३ ने गुणलं तर येतात १,५९६. उपाय साधा आहे. मिनिटांना दरानं गुणायचं, मग साठनं भागायचं. रक्कम आतल्या आत रुपयांत नाही, पैशांत ठेवायची. आणि क्लायंटला तास-मिनिटं दाखवायची, ०:२०, ०:२०, ०:२०. यांची बेरीज कुणाचीही चुकत नाही.

[दृश्य: ब्राउझरचा टॅब मागे जातो. पुढच्या टॅबवर काम सुरू.]

आता टायमर. ‘सुरू’ आणि ‘थांब’, एवढं सोपं दिसतं.

नवखा प्रोग्रामर टायमर असा लिहितो: दर सेकंदाला आकड्यात एक मिळव. टॅब समोर असेपर्यंत हे चालतं. टॅब मागे गेला की ब्राउझर बॅटरी वाचवण्यासाठी त्याचा वेग कमी करतो. क्रोमनं २०२१ च्या सुरुवातीला, ८८ व्या आवृत्तीपासून, काही मिनिटं मागे पडून राहिलेल्या पानांना मिनिटाला एकदाच जागं करायला सुरुवात केली. एक-एक सेकंद मोजणारा टायमर तिथे मिनिटाला एक सेकंद मोजतो. तासभर काम होतं आणि नोंद होते जेमतेम काही मिनिटांची. त्यामुळे मोजत बसायचं नाही. सुरू केल्याचा क्षण लिहून ठेवायचा, थांबवल्याचा लिहायचा आणि वजाबाकी करायची.

या वजाबाकीला मात्र लॅपटॉप मिटलेला कळत नाही. जेवणाचा तासही ती कामात धरते. म्हणून लॅपटॉप जागा झाला, किंवा माऊस आणि कळफलक बराच वेळ हलले नाहीत, की ॲपनं प्रश्न विचारावा आणि तीन उत्तरं पुढे ठेवावीत: हा वेळ ठेवा, काढून टाका, किंवा इथून नवी नोंद करा. किती वेळानं विचारायचं, हे कामावर ठरतं. कोड लिहिणाऱ्याला दहा मिनिटं ठीक. कागदावर आराखडा काढणाऱ्या डिझायनरला किंवा मजकूर वाचणाऱ्या भाषांतरकाराला अर्धा तासही कमी पडेल, कारण त्यांचं निम्मं काम माऊसला हात न लावता होतं. काहीही झालं तरी ॲपनं स्वतःच्या मनानं वेळ कापू नये. विचारून कापलेला वेळ माणूस मान्य करतो. न विचारता कापला, तर पुढच्या महिन्यात ॲप काढून टाकतो.

टायमर बंद करायचा राहून जाणं तर रोजचंच. रात्री विसरला आणि सकाळी नोंद दिसते चौदा तासांची. चार तास सलग चालला की मोबाइलवर सूचना यावी. दुसऱ्या दिवशी ती नोंद लाल दिसावी, शेवटची हालचाल किती वाजता झाली ते शेजारी दिसावं, आणि माणसानं खात्री करेपर्यंत ती बिलात शिरू नये.

वीज गेली, नेट गेलं, तरी नोंद थांबता कामा नये. ती आधी यंत्रावर साठते, नेट आल्यावर वर जाते. इथे एक बारकावा आहे. नोंदीचा ओळख-क्रमांक यंत्रावरच तयार व्हावा. तो सर्व्हरनं द्यायचा ठरवला, तर कमकुवत नेटवर ॲप तीच नोंद पुन्हा पाठवतं आणि एका कामाच्या दोन नोंदी होतात. बिलात जुळी ओळ दिसली की क्लायंटला ती चूक वाटत नाही, लबाडी वाटते.

[दृश्य: दोन घड्याळं. एकाखाली ‘पुणे’, दुसऱ्याखाली ‘न्यूयॉर्क’.]

फ्रीलान्सर पुण्यात, क्लायंट न्यूयॉर्कला. त्यांची सकाळी दहाची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते आणि हिवाळ्यात साडेआठला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आपली हलत नाहीत. नोंदीत नुसतं ‘१०:००’ साठवलं, तर सहा महिन्यांनी ती वेळ कुणाची होती हे सांगता येत नाही. म्हणून क्षण जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत साठवावा आणि सोबत वेळ-विभागाचं नाव ठेवावं, जसं एशिया/कोलकाता. नुसता तासांचा फरक ठेवून भागत नाही, कारण तो मोसमाप्रमाणे बदलतो. आणि फरक पूर्ण तासांतच असतो असं गृहीत धरणाऱ्या ॲपमध्ये आपले साडेपाच तास आणि नेपाळचे पावणेसहा तास बसतच नाहीत.

आठवडा कधी संपतो, यावरूनही वाद होतात. अपवर्क या फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर तासांच्या कामाचा आठवडा यूटीसीनुसार रविवारी मध्यरात्री संपतो. भारतात तेव्हा सोमवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. सोमवारी पहाटे पाचला केलेलं काम गेल्या आठवड्यात पडतं. पडद्यावर ही सीमा आपल्या वेळेत लिहिलेली असली, की गोंधळ होत नाही.

अपवर्कचा विषय निघालाच आहे, तर पडद्याच्या छायाचित्रांबद्दल. त्यांच्या डायरीत दर दहा मिनिटांच्या तुकड्याला एक छायाचित्र असतं, सोबत कळा आणि माऊस किती चालला याची मोजदाद. छायाचित्र काढून टाकता येतं, पण मग तेवढ्या वेळेचे पैसेही जातात. दोघं एकमेकांना अनोळखी असतात, मध्ये पैशांची हमी देणारी तिसरी कंपनी असते. तिथे याला कारण आहे. पण थेट ओळखीच्या क्लायंटसाठी ॲप घडवताना हे उचलू नये. पडद्यावर दुसऱ्या क्लायंटची फाइल असते, बँकेचं पान असतं, घरचा मेल असतो. आणि कळा किती दाबल्या यावरून काम कसं झालं, हे कुणालाच कळत नाही.

क्लायंटला पटतं ते वर्णन.

‘वेबसाइटचं काम, ६:००.’ ही ओळ फोन करायला लावते. ‘नोंदणीचा फॉर्म मोबाइलवर बसवला, तुमच्या मंगळवारच्या मेलमधला तिसरा बदल, २:१०.’ ही ओळ वाचून माणूस पुढच्या ओळीकडे जातो. असं वर्णन लिहून घ्यायचं, तर ॲपनं ते टायमर थांबवताना विचारावं. सुरू करताना माणसाला घाई असते आणि काय होणार ते त्यालाही ठाऊक नसतं. कामाचे प्रकार सहा-सातच ठेवावेत: नवं काम, बदल, दुरुस्ती, बैठक, मेल-फोन, तयारी. तीस प्रकारांची यादी दिली की सगळं ‘इतर’मध्ये जाऊन बसतं. आणि ज्याचे पैसे लावायचे नाहीत तेही बिलावर दिसू द्यावं, शून्य रकमेनं. स्वतःच्या चुकीची दुरुस्ती, ०:४०, ₹०. या ओळीची किंमत शून्यापेक्षा बरीच जास्त आहे.

[दृश्य: मोबाइलवर क्लायंटचं पान. वर पट्टी: ४० पैकी ३२ तास.]

क्लायंटचं पान उघडायला पासवर्ड लागू नये. एक दुवा, मोबाइलवर मावणारं पान. वर ठरलेले तास आणि झालेले तास. चाळीस तास ठरलेत, तर विसाला आणि बत्तिसाला सूचना जावी, आणि ती दोघांना एकाच वेळी. बत्तिसाव्या तासाला फ्रीलान्सरनं उरलेल्या कामाचा अंदाज भरल्याशिवाय टायमर पुढे सुरू होऊ नये, इतका कडकपणा इथे हवाच. चाळीस तासांचे त्रेपन्न झाल्याची बातमी थेट बिलातून कळली, की पुढचं काम मिळत नाही.

तासाचा दर त्या-त्या नोंदीवरच कोरलेला असावा. एप्रिलपासून दर वाढवला आणि मार्चची जुनी बिलं आपोआप बदलली, हा दोष येतो दर फक्त क्लायंटच्या खात्यात ठेवल्यामुळे. बिल गेलं की त्यातल्या नोंदींना कुलूप. चूक सापडली तर जुनी ओळ खोडलेली दिसावी, खाली नवी ओळ, शेजारी तारीख आणि कारण. जीएसटी लागू असेल तर रक्कम कमी करण्यासाठी क्रेडिट नोटच काढावी लागते. ॲपनं त्याच पानावरून ती काढू द्यावी.

राहिला मंजुरीचा मुद्दा. क्लायंट भारतातलाच, समजा नाशिकचा, आणि फ्रीलान्सरची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असेल, तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा उपयोगी पडतो. काम सोपवल्यापासून पंधरा दिवसांत क्लायंटनं लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. पैसे देण्याची मुदत करारात कितीही लिहिली, तरी ती स्वीकृतीपासून पंचेचाळीस दिवसांपलीकडे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. त्यासाठी तारखा लागतात आणि त्या ॲपकडे असतात. म्हणून प्रत्येक बिलापुढे तीन तारखा ठेवाव्यात: काम सोपवलं, पान उघडलं, हरकत आली. हरकतीचं बटण संपूर्ण बिलाला एकच नको, ओळीओळीला हवं. एका ओळीवर बोट ठेवलं, तर तेवढीच अडते आणि बाकीच्या ओळींची रक्कम त्याच दिवशी मोकळी होते.

[दृश्य: बारा ओळींचं बिल. सातवी ओळ पिवळी. बाकी अकरांपुढे हिरवी खूण. खाली रक्कम बदलते.]