पाणी गोड लागलं म्हणजे झालं का?

श्रोतेहो, नमस्कार.

बोअरला पाणी लागलं की पहिली ओंजळ माझे वडील तोंडात धरायचे. अख्खं घर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असायचं. "गोड आहे," ते म्हणाले की आई हंड्याला फडकं बांधायला घ्यायची. आपल्या खान्देशात पाण्याची परीक्षा अजून अशीच होते, जिभेवर.

झारखंडमधल्या जादुगोड्याला ही परीक्षा कामाची नाही. तिथं १९६७ पासून युरेनियमची खाण आहे. पाण्यात युरेनियम असलं तरी ते दिसत नाही, वास येत नाही, जिभेला कळत नाही. पाणी उकळलं तर वाफ जाते, युरेनियम मागे उरतं. ते मूत्रपिंडाला बाधतं.

तिथल्या एक टन दगडातून एक किलोसुद्धा युरेनियम निघत नाही. दगड दळून, आम्लात घालून तेवढं काढून घेतात आणि उरलेला चिखल नळानं तळ्यात सोडतात. धनी आपला माल घेऊन जातो, पण मूळ दगडातली बहुतेक किरणोत्सारिता त्या चिखलातच राहते. त्यातलं रेडियम, म्हणजे युरेनियमपासून तयार होणारं किरणोत्सारी द्रव्य, निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. आपल्या शेजारच्या अजिंठ्याची अनेक लेणी पाचव्या शतकात कोरली गेली. त्या कारागिरांनी असा चिखल वाघूरच्या काठी साठवला असता, तर आजही त्यातलं निम्मं रेडियम तसंच असतं. इतकी वर्षं तळ्याचा कोणता बांध टिकतो?

२००६ च्या डिसेंबरात जादुगोड्याजवळ हा नळ फुटला आणि चिखल ओढ्यात गेला. अमेरिकेत चर्च रॉक या गावी १९७९ साली अशाच चिखलाच्या तळ्याचा बांधच फुटला, त्यातलं पाणी नवाहो आदिवासींच्या नदीत उतरलं. दोन्हीकडे काठावर आदिवासीच.

खान्देशात युरेनियमची खाण नाही. पण आपल्याच तापीचं पाणी पुढे गुजरातेत काक्रापारच्या अणुवीज केंद्राला लागतं. अणुवीज म्हटली की युरेनियम आलं, आणि युरेनियम आलं की कुणाच्या तरी शिवारालगत खाण आली. त्या गावांचं पाणी आपल्याला परकं कसं?

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम, ही आपल्या देशाच्या मानकातली युरेनियमची मर्यादा. जादुगोड्याच्या त्या तळ्यांखालच्या प्रत्येक विहिरीचा आकडा दर महिन्याला गावच्या फळ्यावर लागला पाहिजे, संथाली आणि 'हो' या तिथल्या आदिवासी भाषांत, पाणी भरणाऱ्या बाईला समजेल असा.